कण्याचे चित्र आणि कंबरेचे दुखणे

१९ डिसेंबर १९३२ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका तरुणाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. स्कीइंग करताना तो पडला होता आणि तेव्हापासून कंबरेतून पायात उतरणारी कळ त्याची पाठ सोडत नव्हती. विश्रांती झाली, उपचार झाले, गुण येईना. त्याला तपासणारे अस्थिरोगतज्ज्ञ जोसेफ बार यांना शंका आली की कण्याच्या पोकळीत काहीतरी वाढते आहे. त्यांनी त्याला न्यूरोसर्जन विल्यम जेसन मिक्स्टर यांच्याकडे पाठवले. मिक्स्टर यांनी मणक्याची मागची कमान उघडली तेव्हा मज्जातंतूच्या मुळाला दाबणारा एक तुकडा हाती लागला. तो काढला आणि तरुणाला आराम पडला. प्रयोगशाळेचा शेरा आला: कॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेची साधी गाठ.

बार यांचे एवढ्यावर समाधान झाले नाही. ड्रेस्डेनचे विकृतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्मोर्ल यांनी हजारो मृतदेहांचे कणे उभे चिरून केलेला अभ्यास त्यांच्या वाचनात आला होता. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर सुकते, तिच्या कडेला चिरा जातात, आतला मऊ गर जागा सोडतो, हे श्मोर्ल यांनी पानोपानी दाखवले होते. बार यांनी त्या तुकड्याच्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि निरोगी गादीच्या पेशीजालाशी ताडून पाहिल्या. ती गाठ नव्हतीच. फाटून बाहेर आलेली गादीच होती. मग मिक्स्टर, बार आणि त्यांचे सहकारी चार्ल्स क्युबिक यांनी ‘कॉन्ड्रोमा’ म्हणून नोंदलेले रुग्णालयातले जुने नमुने बाहेर काढले, तर त्यांतल्या अनेकांची गत तीच निघाली. २ ऑगस्ट १९३४ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९ रुग्णांचा आधार घेतलेला त्यांचा लेख छापून आला. सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, अनेक रुग्णांत दुखण्याचे मूळ फाटलेल्या गादीत असते आणि ती काढली की रुग्ण बरा होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते.

आज आपल्या घराघरांत ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे जे बोलले जाते त्याची सुरुवात या लेखात आहे. पण मिक्स्टर आणि बार यांनी गादी पाहिली ती पाठ उघडल्यावर. जिवंत माणसाची पाठ न उघडता ती पाहायची कशी, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना वैद्यकाने जे कमावले आणि जे गमावले, त्याची हकीकत मला १९३४च्या लेखाइतकीच मोलाची वाटते.

सायटिका तशी जुनीच. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे असे मांडले. १८८० साली सर्बियातले डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शार्ल लासेग यांच्या एका शिष्याने, एक साधी तपासणी लिहून ठेवली. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा आणि पायात कळ कुठे येते ते पाहायचे. त्यासाठी ना यंत्र लागते ना वीज. आजही कंबरदुखीच्या कोणत्याही चांगल्या तपासणीत हा पाय उचलला जातो.

१८९५ साली व्युर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि शरीराच्या आत डोकावायची सोय झाली. हाड त्यात स्पष्ट दिसे, गादी मात्र दिसत नसे. तिच्यातून किरण सहज पार होतात, त्यामुळे चित्रावर दोन मणक्यांच्या मध्ये नुसती मोकळी जागा उमटते. ती अरुंद दिसली तर गादी झिजली असावी, एवढाच तर्क करता येई. गादीने मज्जातंतू दाबला आहे की नाही, याबद्दल एक्स-रे गप्पच राही.

या अडचणीतून वाट निघाली ती पॅरिसमध्ये, आणि बरीचशी अपघाताने. खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून तयार केलेले लिपिओडॉल १९०१पासून औषध म्हणून वापरात होते. जाँ-आतानाझ सिकार आणि त्यांचे तरुण सहकारी झाक फोरेस्तिए ते दुखऱ्या पाठीच्या स्नायूंत टोचत असत. (हे फोरेस्तिए १९२०च्या ऑलिंपिकमध्ये रग्बीचे रौप्यपदक मिळवणाऱ्या फ्रेंच संघातून खेळले होते.) एकदा सुई जरा खोल गेली आणि तेल मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात उतरले, अशी हकीकत सांगतात. रुग्णाला काही झाले नाही. क्ष-किरणांखाली पाहिले तर तेलाचा काळाभोर थेंब कण्याच्या पोकळीतून खाली सरकताना दिसला. आयोडीन क्ष-किरणांना अडवते, म्हणून तेल जिथे जिथे पोचेल तिथे पोकळीचा आकार उमटणार, आणि वाटेत अडथळा असेल तर तेल तिथे थांबणार. १९२१-२२च्या सुमारास दोघांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. मायलोग्राफीचा जन्म असा झाला. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी त्याआधीच मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढण्याची युक्ती शोधली होती. याच डँडींनी १९२९ साली, म्हणजे मिक्स्टर-बार यांच्या पाच वर्षे आधी, गादीचे सुटे तुकडे गाठीसारखे वागतात असे दोन रुग्ण छापून सांगितले होते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

१९३४नंतर मात्र सगळे तिकडेच पाहू लागले. मिक्स्टर यांच्याच रुग्णालयातले रेडिओलॉजिस्ट ऑब्री हॅम्प्टन यांनी १९३६ साली दाखवून दिले की एखाद-दुसऱ्या थेंबाऐवजी पुरेसे तेल घातले, रुग्णाला कलत्या टेबलावर पालथे झोपवले आणि तेल हळूहळू कंबरेच्या मणक्यांवरून फिरवले, तर फाटलेली गादी तेलाच्या स्तंभावर खाच पाडते. सर्जनला आता कोणता मणका उघडायचा ते आधी कळू लागले. त्याआधी केवळ लक्षणांवरून जागा ठरवून पाठ उघडावी लागे. चुकीची जागा उघडली तर रुग्णाची यातना दुप्पट होई.

या सोयीची किंमत होती. लिपिओडॉल शरीरात विरघळत नाही, ते वर्षानुवर्षे कण्यात पडून राही. १९४४ साली पँटोपेक नावाचे नवे तेल आले. ब्रिटनमध्ये तेच मायोडिल म्हणून विकले गेले. तपासणी झाली की ते सुईने परत ओढून घ्यायचे असे, आणि हे ओढून घेणे रुग्णाला फार दुखे. सगळे तेल कधीच निघत नसे. मागे राहिलेल्या थेंबांमुळे काहींच्या मज्जारज्जूभोवतीची आवरणे सुजली आणि मज्जातंतूंची मुळे एकमेकांना चिकटली. कंबरदुखीचे कारण शोधायला गेलेली माणसे आयुष्यभराचे नवे दुखणे घेऊन घरी आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे तेल बाजारातून गेले आणि ब्रिटनमधल्या अनेक रुग्णांनी भरपाईसाठी न्यायालयाचे दार ठोठावले. दरम्यान स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांच्या कल्पनेतून पाण्यात विरघळणारी आणि मज्जातंतूंना कमी त्रास देणारी औषधे आली होती. ती शरीरात शोषली जात आणि लघवीवाटे बाहेर पडत.

मिक्स्टर-बार यांच्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गादी काढण्याच्या शस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या. त्या काळातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण जॉन एफ. केनेडी. १९४४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या गादीवर शस्त्रक्रिया झाली. गादीचा बाहेर आलेला भाग अपेक्षेपेक्षा फारच थोडा निघाला आणि दुखणे कायम राहिले. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये मणके जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, जंतुसंसर्ग झाला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. १९४४ ते १९५७ या काळात त्यांच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना खरा उपयोग झाला तो नियमित व्यायामाचा.

याच काळात स्टॉकहोमच्या क्नुट लिंडब्लोम यांनी १९४८ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी सुई थेट गादीतच घातली आणि क्ष-किरणांना दिसणारे औषध आत सोडले. या डिस्कोग्राफीत गादीचा फाटका भाग तर दिसेच, शिवाय औषध सोडताना रुग्णाला नेहमीचेच दुखणे जाणवले तर दोषी गादी सापडली असे मानले जाई. पुढे २००९ साली अमेरिकेतले सर्जन युजीन कॅरेगी यांनी दहा वर्षांचा पाठपुरावा करून दाखवले की ज्या गाद्यांत अशी सुई गेली त्या इतरांच्या तुलनेत लवकर झिजल्या.

या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष कोणते, असे मला विचारले तर मी १९३४ म्हणणार नाही. मी १९६८ म्हणेन.

त्या वर्षी लॉस एंजेलिसचे न्यूरोसर्जन विल्यम हित्सेलबर्गर आणि त्यांचे सहकारी विटन यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे कानाच्या मज्जातंतूवर गाठ असल्याच्या संशयाने रुग्ण येत. गाठ पाहायला तेल कंबरेतून आत सोडायचे आणि टेबल डोक्याकडे कलते करून ते थेट कवटीच्या तळापर्यंत न्यायचे. म्हणजे तेल सबंध कण्यातून प्रवास करणारच होते. मग वाटेत कण्याचीही चित्रे काढली तर? अशा ३०० जणांची चित्रे त्यांनी तपासली. कुणालाही कंबरेची वा पायाची तक्रार नव्हती. तरीही ३७ टक्के लोकांच्या चित्रांत दोष दिसला, आणि कंबरेच्या भागात दोष दिसणाऱ्यांचे प्रमाण होते २४ टक्के. याच वर्षी होल्ट या डॉक्टरांनी कंबर न दुखणाऱ्या ३० कैद्यांवर डिस्कोग्राफी केली आणि तिथेही तीनातल्या एकाहून अधिक गाद्यांचा निकाल सदोष आला. दुखणे नसलेल्या बंदिवानांच्या कण्यात सुया घालण्याचा तो प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही.

चौतीस वर्षे सर्जन दुखणाऱ्या माणसांचीच चित्रे पाहत होते. त्यांत त्यांना फाटक्या गाद्या दिसत आणि त्या दुखण्याचे कारण ठरत. न दुखणाऱ्या माणसाच्या कण्यात काय असते, हे कोणी पाहिलेच नव्हते. पाहायचे कसे? सुदृढ माणसाच्या कण्यात तेल सोडणे योग्य नव्हते. म्हणून हे उत्तर कानाच्या गाठीच्या तपासणीतून, जवळजवळ योगायोगाने मिळाले. ते मिळाल्यावर तरी सगळ्यांनी थबकायला हवे होते. तसे झाले नाही.

कारण यंत्रे पुढे धावत होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. काही वर्षांत सबंध शरीराचे स्कॅनर आले आणि गादीचा आडवा छेद सुई न टोचता दिसू लागला. १९८४ साली सॅम वीझेल आणि सहकाऱ्यांनी कंबर न दुखणाऱ्या ५२ जणांचे सीटी काढले आणि ते रुग्णाची माहिती न देता तज्ज्ञांना वाचायला दिले. सुमारे ३५ टक्के सदोष निघाले. यंत्र नवे होते, उत्तर १९६८चेच.

मग एमआरआय आला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली चुंबकीय क्षेत्रातून चित्र काढण्याची रीत मांडली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डॅमेडियन यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रात माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले. भारतात १९८६ साली दिल्लीच्या इन्मास या संस्थेत एमआरआय सुरू झाला. गादीसाठी हे यंत्र जणू वरदानच होते. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या रेणूंमधल्या हायड्रोजनचे संदेश टिपतो आणि गादीचे सगळे जीवन पाण्यावरच अवलंबून असते. तरुण गादी पाण्याने भरलेली, म्हणून चित्रात पांढरी चमकते. पाणी कमी झालेली गादी काळी दिसते. तेल नको, सुई नको, क्ष-किरणही नकोत. इतके तपशीलवार चित्र यापूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवणे इतके सोपे झाले.

आता निरोगी माणसांना तपासण्यातला नैतिक अडसरही उरला नव्हता. १९९० साली वॉशिंग्टनमधल्या स्कॉट बोडेन यांच्या गटाने आयुष्यात कधीच कंबर न दुखलेल्या ६७ जणांचे एमआरआय काढले. साठीच्या आतल्या २० टक्के लोकांत गादी बाहेर आलेली होती. साठीपुढच्या ५७ टक्के लोकांचे चित्र सदोष होते. चार वर्षांनी, १४ जुलै १९९४ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नलमध्येच आला. त्यांनी न दुखणाऱ्या ९८ जणांची चित्रे घेतली, त्यांत २७ दुखणाऱ्यांची मिसळली आणि कोणते कोणाचे हे न सांगता वाचायला दिली. न दुखणाऱ्यांपैकी फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या ठीक होत्या. ५२ टक्क्यांत किमान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्क्यांत ती एका जागी बाहेर आली होती. ज्या दुखण्याची ओळख साठ वर्षांपूर्वी याच नियतकालिकातून झाली, त्याची खूण म्हणून धरलेली गोष्ट धडधाकट माणसांत इतकी सर्रास होती. एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गर पूर्ण फुटून बाहेर पडणे, हा दोष न दुखणाऱ्यांत जेमतेम एक टक्का होता. म्हणजे सगळेच दोष सारखे निरुपद्रवी नव्हते. फुगलेली गादी ही बहुतेक वेळा पिकलेल्या केसांसारखी वयाची खूण असते, मज्जातंतूला चेपणारा मोठा तुकडा तशी नसते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेने तीव्र कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. सर्जन स्टॅनली बिगोस यांच्या नेतृत्वाखाली २३ जणांच्या समितीने उपलब्ध पुरावा चाळून सांगितले की धोक्याची चिन्हे नसतील तर पहिल्या महिन्यात कोणतेही चित्र काढायची गरज नाही, अंथरुणाला खिळून राहू नये, आणि शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. त्यानंतर जे घडले ते वाचताना आजही वाईट वाटते. काही कणा-सर्जनांनी संघटना उभी करून अमेरिकी संसदेच्या सदस्यांकडे त्या संस्थेविरुद्ध तक्रारींचा धोशा लावला. मणके जोडण्याचे स्क्रू बनवणारी एक कंपनी मार्गदर्शिका रोखण्यासाठी न्यायालयात गेली. १९९५ साली ती संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. ती कशीबशी वाचली, पण तिच्या निधीला मोठी कात्री लागली. मार्गदर्शिका काढायचे काम तिने सोडून दिले आणि १९९९ साली तिचे नावही बदलले. पुरावा खोटा आहे म्हणून हे झाले नव्हते. त्यानंतर बराच काळ सरकारी पातळीवर असे काही सांगायला कोणी फारसे धजावले नाही.

पुरावा तोवर वाढत गेला. २००१ साली नॉटिंगहॅममध्ये किमान सहा आठवडे कंबर दुखत असलेल्या ४२१ जणांपैकी निम्म्यांचा एक्स-रे काढला गेला. तीन महिन्यांनी एक्स-रे काढलेल्यांचेच दुखणे अधिक होते, तरी नऊ महिन्यांनी उपचाराबद्दल जास्त समाधानीही तेच होते. चित्राने वेदना कमी केली नाही, पण आपली नीट दखल घेतली गेली असे त्यांना वाटले. ही माणसाची गरज मला तुच्छ वाटत नाही. तिच्यावरचा उपाय कदाचित डॉक्टरने दिलेला जास्तीचा वेळ असेल. २००३ साली जेफ्री जार्विक यांनी ३८० रुग्णांत एक्स-रे आणि झटपट एमआरआय यांची तुलना केली. वर्षाअखेर दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखी होती, पण एमआरआयच्या गटात शस्त्रक्रिया जास्त झाल्या. २०१३ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात सायटिकाच्या २८३ रुग्णांचा एक वर्षानंतर पुन्हा एमआरआय काढला. बरे झालेल्या ३५ टक्के लोकांत गादी अजून बाहेरच दिसत होती, बरे न झालेल्यांत ३३ टक्क्यांत.

चित्रांनी एक आशेची गोष्टही दाखवली. गादीचा बाहेर आलेला भाग अनेकदा शरीर स्वतःच जिरवून टाकते, आणि जितका मोठा तुकडा सुटलेला तितका तो जिरण्याची शक्यता जास्त. सीटी आणि एमआरआय नसते तर हे कधी कळलेच नसते. आणि काही दुखण्यांत चित्र लांबवणे हा अपराध ठरेल. लघवी-शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, आधी कर्करोग झालेला असला, ताप आणि वजनघट असली, तर त्याच दिवशी तपासणी हवी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे, आणि तो वेळीच पकडण्यात एमआरआयला तोड नाही. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तेव्हा नेमकी जागा दाखवणारे चित्र तर अपरिहार्यच.

प्रश्न उरतो तो बाकीच्या मोठ्या संख्येचा, ज्यांची कंबर काही आठवड्यांत आपली आपण सावरणार असते. त्यांच्या हातात अहवाल पडतो आणि त्यात ‘झीज’, ‘फुगवटा’, ‘दाब’ असे शब्द ओळीने असतात. अहवाल लिहिण्यातही एकवाक्यता नाही. २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क परिसरातल्या ६३ वर्षांच्या एका स्त्रीने तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर एमआरआय करून घेतला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले आणि दहाही अहवालांत आढळला असा एकही दोष नव्हता. २०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून न दुखणाऱ्या ३,११० लोकांचा हिशेब मांडला. विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत गादीची झीज होती.

हे आकडे अहवालातच छापले तर? जार्विक यांनी अमेरिकेतल्या ९८ दवाखान्यांत, सुमारे अडीच लाख रुग्णांवर हे करून पाहिले. २०२०मध्ये निकाल आला. एकंदर उपचार कमी झाले नाहीत, फक्त अफूजन्य वेदनाशामके लिहून देण्याचे प्रमाण किंचित घटले. त्याच सुमारास कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये एस. राजशेखरन यांच्या गटाने दुसरा मार्ग धरला. कंबरदुखीच्या ४४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाला एमआरआयमध्ये दिसलेला एकेक दोष समजावून सांगितला. दुसऱ्याला सांगितले की चित्रात वयानुसार होणारे बदल आहेत, काळजीचे काही नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा विचारपूस झाली तेव्हा सगळे दोष ऐकलेल्या गटाला आपला कणा अधिक नाजूक वाटत होता, त्यांची भीती वाढली होती आणि त्यांचे दुखणेही दुसऱ्या गटाइतके कमी झालेले नव्हते.